आकड्यांचा डोंगर

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काल रात्री जेवताना पंगतीत एकीनं मला विचारलं, "ताई, उद्या सकाळी तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटलं, "गणितावर, आणि गणिताची चित्रं काढणाऱ्या एका बाईवर." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग पोटगीचं सत्र दुपारी आहे ना?"

हसू नका. तिचा प्रश्न रास्त आहे. दोन दिवसांची रजा टाकून, पोरं शेजारणीकडे ठेवून तुम्ही आलात ते काही चित्रं बघायला नाही. तरी मी हा विषय मागून घेतला. का घेतला ते बोलण्याच्या ओघात येईलच. नाहीच आलं तर चहाच्या वेळी मला धरा.

हे पुस्तक मी फिरवते आहे. माझी भाची न्यूयॉर्कला असते, तिनं ते आणलं. पानं जपून उलटा, महाग आहे. ज्या बाईची ही चित्रं आहेत तिचं नाव अ‍ॅग्नेस डेनेश. जन्म १९३१ चा, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. महायुद्धाच्या धामधुमीत कुटुंब देश सोडून स्वीडनला गेलं आणि तिथून पुढे अमेरिकेला. म्हणजे मोठी होईपर्यंत तिच्या तीन भाषा झाल्या. लहानपणापासून ती कविता करायची. पण कवितेला भाषा अंगात मुरलेली लागते आणि हिची भाषा तर दर मुक्कामाला बदलत गेली. तेव्हा ती चित्रांकडे वळली. लग्न होऊन परप्रांतात गेलेल्या आपल्या कितीतरी बायकांना हे सांगावं लागणार नाही. माहेरची बोली तोंडात अडकते, सासरची येत नाही, मग बाई हातानं बोलायला लागते.

पण चित्रांकडे वळली म्हणजे फुलं, चेहरे, देखावे काढायला लागली असं नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिनं काढायला घेतले त्रिकोण. तर्कशास्त्रातली जी चिन्हं असतात, 'जर-तर', 'किंवा', 'नाही' यांच्या खुणा, त्या घेऊन तिनं माणसाच्या वादविवादाचेच आराखडे काढले. या कामाला तिनं दृश्य तत्त्वज्ञान म्हटलं. विधान, त्याच्या विरुद्ध विधान, त्यातून निघणारं तिसरं, असं सगळं त्रिकोणात रचलेलं. या प्रकारच्या कलेला संकल्पनाकला म्हणतात. तिच्यात वस्तू सुंदर दिसते की नाही हा मुद्दा दुय्यम. तिच्यामागचा विचार हीच कलाकृती. १९६० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये तिचं पीक आलं होतं. सगळे पुरुषच करत होते असं नाही, पण नाव पुरुषांचं होत होतं.

किती होत होतं त्याचा एक आकडा देते. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या १९६९ च्या वार्षिक प्रदर्शनात १४३ कलावंत होते. त्यात बायका ८. पुढच्या वर्षी बायकांनी निदर्शनं केली. संग्रहालयाच्या आत जाऊन जिन्यात, कोपऱ्यांत अंडी ठेवून आल्या. काही कच्ची, काही उकडलेली, आणि त्यांवर लिहिलेलं '५० टक्के'. मला हे फार आवडतं. आपण घोषणा देतो, मोर्चे काढतो, पण उकडलेल्या अंड्यावर मागणीचा आकडा लिहायचं आपल्याला सुचलेलं नाही. त्या वर्षी बायकांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेलं. पन्नास नाही झालं, पण आठ बायकांवरून तिथवर आलं.

मग १९७२ मध्ये वीस जणींनी मिळून स्वतःचीच गॅलरी काढली. डेनेश त्या वीस जणींतली एक. वूस्टर स्ट्रीटवरचा एक जुना गाळा भाड्यानं घेतला, भिंती स्वतः उभ्या केल्या, रंग स्वतः दिला. नाव ठेवलं ए. आय. आर. जुन्या कारखान्यांच्या इमारतीत कलावंत राहत असले की आग लागल्यावर बंबवाल्यांना कळावं म्हणून बाहेर तशी अक्षरं लावत, त्याचा अर्थ 'इथे कलावंत राहतो'. शिवाय त्या अक्षरांचा उच्चार जेन एअर या कादंबरीतल्या नायिकेच्या आडनावासारखा होतो. तेही एका सदस्येनंच सुचवलं होतं. अमेरिकेतली ही बायकांची पहिली सहकारी गॅलरी. वर्गणी, सभा, आळीपाळीनं कामं, त्यावरून भांडणं, हे सगळं तिथंही होतं. म्हणजे संघटना होती.

आता गणिताकडे येते. डेनेशनं १९७० च्या दशकात ग्राफपेपरवर शाईनं आकड्यांचा एक त्रिकोण लिहायला घेतला. नुसते आकडे, ओळीखाली ओळ. त्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. पास्कल हा सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती. पण त्याच्या कितीतरी आधी, दहाव्या शतकात हलायुध नावाच्या पंडितानं पिंगलाच्या छंदःसूत्रांवर भाष्य लिहिताना हाच त्रिकोण सांगितला आहे. तो त्याला मेरुप्रस्तार म्हणतो, म्हणजे मेरू पर्वतासारखी मांडणी. चार अक्षरांच्या चरणात लघु-गुरू किती प्रकारे बसवता येतील ते मोजायला त्याला तो लागला. इराणात, चीनमध्येही तो ठाऊक होता. आपल्याकडे होता म्हणून आता छाती फुगवायचं कारण नाही. तो होता तेव्हा त्या पाठशाळेच्या ओसरीवर तुम्हाला-मला कोणी बसू दिलं असतं असं मला वाटत नाही. भास्कराचार्यांचा 'लीलावती' ग्रंथ तर एका मुलीचं नाव धारण करतो, तिला उद्देशून त्यात गणितं घातली आहेत. त्या मुलीनं कुठलं गणित कसं सोडवलं, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

तर तो त्रिकोण. फळ्यावर काढते. वर एक. त्याखाली एक, एक. त्याखाली एक, दोन, एक. नियम एवढाच की वरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज खाली लिहायची आणि कडेला नेहमी एक. चौथी ओळ एक, तीन, तीन, एक. पाचवी ओळ एक, चार, सहा, चार, एक. बस्स. पहिलीच्या मुलीला येईल.

याचा उपयोग काय? समजा आपण चौघी आहोत आणि तहसीलदाराला भेटायला दोघींनाच आत सोडणार आहेत. कोणत्या दोघी जाणार, याचे प्रकार किती? मोजून बघा, सहा येतात. एकीलाच सोडलं तर प्रकार चार. तिघींना सोडलं तरी चारच, कारण बाहेर कोण थांबणार एवढंच ठरवायचं. चौघींना सोडलं तर एक. कोणालाच सोडलं नाही, जे बहुतेक वेळा होतं, त्याचाही एकच प्रकार. एक, चार, सहा, चार, एक. तीच ओळ.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, कारण या ओळीचा खरा उपयोग मला पुस्तकात सापडला नाही. आमच्या शाळेत आठवीला मुलांना बीजगणित-भूमिती आणि मुलींना साधं अंकगणित अशी वाटणी होती. मी बीजगणित मागितलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "पोरी, दुधाचा हिशेब आला की झालं." मी आठवडाभर घरी न जेवता बसले तेव्हा वडील शाळेत गेले. पुढे तीस वर्षं मी शाळेत गणितच शिकवलं. पण शिकवत होते ते परीक्षेपुरतं. शाळेत गणित आणि संध्याकाळी महिला मंडळ, अशी माझी दोन आयुष्यं होती आणि त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

ती ओळख झाली १९९० च्या सुमारास, एका गावातल्या बैठकीत. एक बाई होती, चार मुलींची आई. नवऱ्यानं दुसरं लग्न करायचं ठरवलं होतं. सासू सांगत होती, "हिच्या कुशीतच खोट आहे." आम्ही नेहमीचं सांगितलं, की मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, बाईच्या नाही. ते खरंच आहे. पण सासूनं लगेच उलटवलं, "म्हणजे माझ्या लेकात खोट?" बोलणं तिथंच अडकलं. दोष इकडून तिकडे ढकलला एवढंच झालं.

तेव्हा मला चिंचोके आठवले. सारीपाट खेळताना आपण फोडलेले चिंचोके टाकतो, एक बाजू पांढरी, एक काळी. मी चार डाळी मागवल्या. पांढरी म्हणजे मुलगी, काळी म्हणजे मुलगा. चार टाकायच्या, म्हणजे एका घरातली चार मुलं झाली. प्रत्येक बाईनं टाकायच्या आणि सहावीतल्या एका मुलीनं वहीत रेघा मारायच्या. चार डाळी पडण्याच्या सगळ्या तऱ्हा सोळा. वरच्या ओळीची बेरीज करून पाहा, एक आणि चार आणि सहा आणि चार आणि एक. त्यातली एक तऱ्हा चारी पांढऱ्या. म्हणजे चार-चार मुलं असलेली १६० घरं घेतली तर सुमारे १० घरांत चारी मुलीच असणार. कोणाचीही खोट नसताना. कोणी काही पाप केलेलं नसताना. तितक्याच घरांत चारी मुलगे असणार, पण त्या घरांत कोणी खोट शोधत नाही.

(एकजण : अगदी निम्मानिम असतं का पण?) बरोबर विचारलंस. नसतं. निसर्गतः मुलगे किंचित जास्त जन्मतात, शंभर मुलींमागे साधारण एकशे पाच. आणि चिंचोकाही अगदी निम्मानिम पडत नाही. पण हिशेब फार हलत नाही. आणि एक गंमत बघा. आपल्याला वाटतं, दोन मुलगे दोन मुली हे 'सरळ' घर, बाकी सगळं वाकडं. पण ते सोळात फक्त सहा वेळा येतं. तीन-एक अशी वाटणी, कुठल्याही बाजूनं, सोळात आठ वेळा. म्हणजे निम्मी घरं 'वाकडीच' असतात.

पुढचं सांगते, कारण गोष्ट गोड शेवटाची नाही. सासू लांब बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "आण इकडं." तिनं दहा वेळा टाकल्या. चारी पांढऱ्या एकदाही पडल्या नाहीत. "बघा," म्हणाली, "नाही पडत." दहा फेकींत एकदाही न पडणं हे निम्म्याहून थोडं जास्त वेळा होतंच, पण ते तिला कसं समजावणार? मी गणिताची बाई, आणि गप्प झाले. ती सहावीतली मुलगी मात्र टाकत राहिली आणि रेघा मारत राहिली. त्या माणसानं पुढे दुसरं लग्न केलंच. आम्ही पोलिसात गेलो, खटला चालला, ती सगळी वेगळी कहाणी. पण ती बाई पुढच्या बैठकीत उठून म्हणाली, "मी सोळातली एक आहे." मी इतकी वर्षं प्रमेयं शिकवली, पण एवढं नेमकं विधान कोणत्याही विद्यार्थ्यानं केलेलं मला आठवत नाही.

आणि हाच त्रिकोण गुन्हाही पकडतो. गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. त्यासाठी ज्या बायका लढल्या त्यातल्या काही आज इथे बसल्या आहेत. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या मुलांत हजार मुलग्यांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. खोलीत काय झालं ते कोणी पाहिलं नाही, कोणी साक्ष देणार नाही. पण डोंगर एका बाजूला खचला की लांबून दिसतो.

आता पुन्हा डेनेशकडे. पुस्तक कुठवर आलं? तिथेच थांबवा, त्या पानावर. १९८० चं चित्र आहे. लांबून पाहिलं तर पिरॅमिड दिसतो, पण कडा सरळ नाहीत, तंबूच्या कनातीसारख्या वळलेल्या. आता डोळ्याजवळ न्या. दगड नाहीत. माणसं आहेत. हजारो बारीक माणसं, ओळीओळीनं उभी. तिनं ती एकेक काढली, शिक्का मारून नाही. चित्राच्या नावातच तिनं पास्कल, शक्यता आणि माणसांचा पेच हे सगळं घातलं आहे. पेच असा, की या प्रत्येक माणसाला वाटत असणार आपण एकटे, स्वतंत्र. आपण हललो तर हललो. पण त्याच्या उभं राहण्यावर वरची ओळ उभी आहे, आणि त्याला कुठे उभं राहायचं हे खालच्या ओळीनं ठरवलंय. त्याला डोंगर दिसत नाही. डोंगर फक्त आपल्याला दिसतो, कागदाबाहेरून.

मी हे पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती चार मुलींची आई त्यात शोधावीशी वाटली. आपल्या कामातही हेच दुखणं आहे. आपल्याकडे बाई येते ती एकटी येते. तिचा नवरा, तिची सासू, तिच्या अंगावरचे वळ. आपण ते ऐकून घेतो, घ्यायलाच हवं. पण दहा वर्षांच्या केसच्या फायली कपाटात पडून असतात आणि त्यांची मोजदाद आपण करत नाही, कारण मोजलं की बाईचा आकडा होतो असं आपल्याला वाटतं. तसा तो होऊही शकतो. सरकारी अहवालात होतोच. डेनेशच्या चित्रात तो होत नाही, कारण तिनं आकडा लिहायच्या ऐवजी माणूस काढला, प्रत्येक वेळी नव्यानं. किती वेळ गेला असेल त्यात, याचा विचार करा. मला वाटतं, ते चित्र म्हणजे तो वेळच आहे.

तिच्या नकाशांबद्दल थोडक्यात. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची तर काहीतरी ताणावं लागतं, काहीतरी चेपावं लागतं. हे गणितानं टळत नाही. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो तो त्यामुळेच; प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. डेनेश म्हणाली, ताणायचंच आहे तर ताणूया. १९७० च्या दशकात तिनं अक्षांश-रेखांशांचा काटेकोर हिशेब करून पृथ्वी अंड्यावर, घनावर, गोगलगाईवर, मेदुवड्यासारखं भोक असलेल्या डोनटवर आणि पावात भरायच्या सॉसेजवर बसवली. बघून हसू येतं. येऊ दे. मग घरी जाऊन भिंतीवरचा नकाशा बघा.

आणि एक शेत. १९८२ सालचं. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, वॉल स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर, भराव टाकून काढलेली जमीन होती, दगड-विटांची. तिथे तिनं २०० ट्रक माती आणून टाकली, हातानं २८५ सऱ्या पाडल्या, १ मेला दोन एकरांत गहू पेरला, निंदला, पाणी दिलं, आणि १६ ऑगस्टला कापला. हजार पौंडांहून थोडा जास्त निघाला, म्हणजे साडेचार क्विंटलच्या घरात. आपल्यातल्या शेतकरी बायका म्हणतील, दोन एकरांत एवढाच? अहो, राडारोड्यावर पेरलेला. पण हिशेब बघा. त्या जमिनीची किंमत तेव्हा साडेचार अब्ज डॉलर सांगत. साडेचार अब्ज डॉलरांत साडेचार क्विंटल गहू. या कलाकृतीत एकही आकडा लिहिलेला नाही आणि तरी तिच्याइतकं टोकदार गणित मी पाहिलेलं नाही. जगातली भूक आणि जगातला पैसा यांचं गुणोत्तर तिनं मातीत पेरून दाखवलं. पुढे तो गहू भुकेविरुद्धच्या एका फिरत्या प्रदर्शनातून २८ शहरांत गेला आणि लोकांनी मूठमूठ नेऊन पेरला.

आता तिच्यावर मला जे म्हणायचं आहे तेही म्हणते. डेनेशच्या चित्रांत बाई अशी वेगळी दिसत नाही. ती 'माणूस' म्हणते, 'मानवजात' म्हणते. आपल्याला या शब्दांची धास्ती आहे, कारण मानवजातीत आपल्याला धरतात की नाही ते कधी कळत नाही. त्या गॅलरीच्या वीस संस्थापकांत कृष्णवर्णीय एकच होती, हॉवर्डिना पिंडेल. तीही आकड्यांचं काम करायची. कागदाला पंचनं भोकं पाडली की जे बारीक गोल पडतात, त्या एकेकावर ती हातानं आकडा लिहायची आणि शेकड्यांनी ते मांडायची. तिचे वडील गणिती. वहीत आकडे लिहिताना त्यांना तिनं लहानपणी पाहिलेलं. पण गोल कुठून आला? लहान असताना वडिलांबरोबर केंटकीत गाडीनं जाताना ते एका ठेल्यावर सरबत प्यायले. मग उलटा केला तर बुडाला लाल गोल. काळ्यांची भांडी वेगळी कळावीत म्हणून ती खूण. आपल्याकडच्या चहाच्या हॉटेलात वेगळी ठेवलेली कपबशी ज्यांच्या आईबापांनी पाहिली आहे त्यांना मी जास्त सांगायला नको. पिंडेलनं तोच गोल घेतला आणि पुढे कितीतरी वर्षं चित्रांत भरत राहिली. म्हणजे भूमितीतली शुद्ध, निरुपद्रवी म्हणतात ती आकृतीसुद्धा प्रत्येकीकडे वेगळ्या वाटेनं येते. काही वर्षांत पिंडेल त्या गॅलरीतून बाहेर पडली. बायकांच्या संघटनेतही आपलं दुखणं बोलायला जागा नाही असं तिला वाटलं होतं. हे वाक्य महाराष्ट्रातल्या चळवळीला नवं नाही. दलित मैत्रिणींनी ते आपल्याला तोंडावर ऐकवलं आहे, आणि ऐकायला आपण वेळ लावला.

१९८० मध्ये त्याच गॅलरीत अमेरिकेतल्या तिसऱ्या जगातल्या बायकांचं प्रदर्शन झालं. ते मांडणाऱ्या तिघींत एक क्यूबाची आना मेंदिएता, एक जपानी काझुको मियामोतो, आणि तिसरी आपली झरीना. झरीना हाश्मी, जन्म १९३७, अलीगढची. शिक्षण कशाचं? अलीगढ विद्यापीठातून गणिताची पदवी. पिंडेलचं कामही त्या प्रदर्शनात होतं, पण आकड्यांचं नव्हे. वंशभेदाबद्दल ती स्वतः कॅमेऱ्यापुढे बसून बोलते अशी चित्रफीत. झरीनाचं घरदार १९५९ मध्ये पाकिस्तानात गेलं. ती जगभर फिरली, न्यूयॉर्कला राहिली, २०२० मध्ये लंडनला गेली. पण आयुष्यभर तिनं काढले ते घराचे नकाशे. चार रेघा, एक दार, खाली उर्दूत एक शब्द. २००१ मध्ये तिनं लाकडी ठशातून एक छापचित्र केलं, त्यात फक्त एक वाकडीतिकडी काळी रेघ आहे. भारत-पाकिस्तानची सीमा. बाकी कागद मोकळा. भूमितीत रेघेला जाडी नसते असं मी तीस वर्षं शिकवलं. त्या रेघेला आहे.

म्हणून मला वाटतं, कालच्या त्या मैत्रिणीला मी असं उत्तर देईन. आपल्याकडून नेहमी एकच अपेक्षा असते की बाईनं आपलं दुःख सांगावं. आत्मकथन लिहावं, अनुभव मांडावा. तो मांडायलाच हवा, त्यावरच आपण उभ्या आहोत. पण त्या दुःखाची रचना काय, त्याचं सूत्र काय, हे मात्र दुसरे कोणी काढणार. प्राध्यापक, संशोधक, सल्लागार. आपण कच्चा माल पुरवायचा. आठवीतल्या त्या वाटणीपेक्षा हे वेगळं नाही. मुलींना अंकगणित, मुलांना बीजगणित. तीन भाषा हरवून आलेली एक बाई, जिच्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं दुःख कमी नव्हतं, ती उठून म्हणाली की मी सूत्र काढीन. ते तिला बरोबर आलं की नाही यावर भांडू. पण बसली त्या जागेवर. न्यूयॉर्कमध्ये तिच्या सगळ्या कामाचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा २०१९ साल उजाडलं होतं आणि तिचं वय ८८ होतं.

शेवटचं पान राहिलं. फिनलंडमध्ये खडी काढून ओसाड झालेल्या एका जागेवर तिनं डोंगर उभा केला, ४२० मीटर लांब, २७० मीटर रुंद, आणि १९९२ ते १९९६ मध्ये त्यावर ११,००० माणसांनी ११,००० झाडं लावली. झाडं कुठे लावायची ते गणितानं ठरवलेलं. सूर्यफुलाच्या बिया किंवा अननसाचे डोळे जशा वळणांनी फिरतात तशी. प्रत्येकाला त्याच्या झाडाचा दाखला दिला आहे, तो मुलानातवंडांकडे वारशानं जातो, आणि ते रान चारशे वर्षं राखायचं ठरलं आहे. बारा-पंधरा पिढ्या. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण किती खेटे घालतो ते आठवा. तिथे झाडाच्या दाखल्यावर बाईचं नाव सहज लागलं.

सूर्यफुलातली वळणं मोजली तर २१ आणि ३४ असे आकडे येतात, अननसात ८ आणि १३. हे आकडे मघाच्या त्रिकोणात लपलेले आहेत. सरळ ओळीत नाही, तिरके मोजायचे. कसे ते मी सांगणार नाही. चहा झाल्यावर पोटगीच्या सत्राआधी अर्धा तास आहे. खडू इथे ठेवला आहे, फरशी मोठी आहे. निदान नऊ ओळी लागतील. सहावी ओळ कोण सांगतंय?